चौथ्या धड्यातली खरखर

कंटाळवाण्या गोष्टीत रंग भरावा तर तो मीच! हे मी म्हणत नाही. तसं माझी बायकोही म्हणत नाही, पण खरं आहे.

मी एका मोठ्या लॉन्ड्रीत प्रशिक्षण अधिकारी आहे. लॉन्ड्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला असेल, तर त्याला जरा बाजूला उभं करा. आमच्याकडे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसाला नऊ हजार. एका टोकाला मळक्या चादरींचे गाडे, मग खोलीएवढी धुलाईयंत्रं, मग वाफेवर तापणारा इस्त्रीचा लांबच लांब रूळ आणि दुसऱ्या टोकाला घडीची टेबलं. माणसं एकशे बारा. या एकशे बारा माणसांना शहाणं करायचा पगार मी घेतो.

मागच्या वर्षी आमच्या मॅनेजर मॅडमनी फर्मान काढलं की यापुढे प्रशिक्षण ऑनलाइन. मी मनावर घेतलं. सहा धडे लिहिले, घरच्या टेबलाशी बसून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर चढवले. पहिला धडा साबणांचा, दुसरा रसायनांचा, तिसरा रुळापासून बोटं वाचवण्याचा. चौथा डागांचा. चौथ्यावर माझा विशेष जीव होता. ‘चादरीवर डाग दिसला तर तो घडीत झाकू नका, चादर परत धुवायला पाठवा,’ हे वाक्य मी त्यात अकरा वेळा घेतलंय. धडा चाळीस मिनिटांचा आहे.

सहा महिन्यांनी अहवाल काढला आणि मी खुर्चीतच खचलो. सहाही धडे पूर्ण ऐकणारे कर्मचारी: एक!

एकशे बारातला एक! अहवालात नावं नसतात, नुसते आकडे. त्यामुळे तो एक कोण ते कळायला मार्ग नव्हता. पूर्ण ऐकणारा माणूस आमच्याकडे असणंच शक्य नाही, तेव्हा ती यंत्राची चूक, असं मी धरून चाललो. उरलेल्या एकशे अकरांनी चाळीस मिनिटांचा धडा सरासरी चार मिनिटांत उरकला होता. ‘पुढे ढकला’ नावाचं एक बटण होतं ना!

मी तडक बॉयलरमामांना गाठलं. मामा बॉयलर सांभाळतात आणि कारखान्यातली प्रत्येक खबर त्यांच्याकडे वाफेच्या आधी पोचते.

“मामा, खरं सांगा. धडे ऐकता का तुम्ही?”

“ऐकतो की! सगळे झाले माझे.”

“कसे झाले?”

“त्याचा नकाशा आहे ना. पहिला सरळ ढकलायचा. दुसऱ्यात शेवटी तीन प्रश्न आहेत, उत्तरं ब, ब, क. तिसऱ्यात ते बोटाचं चित्र येतं तेव्हा डोळे मिटायचे. आणि चौथ्यात अठराव्या मिनिटाला खरखर आहे, तिथून पंचविसाव्याला उडी मारायची.”

“खरखर? माझ्या धड्यात?”

“कान फाटतात म्हणे.”

“तुम्ही ऐकलीत?”

“मी कशाला ऐकू? सगळे सांगतात, तिथे उडी मारा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लाडक्या धड्यात खरखर! ही आळशी लोकांनी उठवलेली आवई होती, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आता तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, स्वतः एकदा ऐकून बघायचं! बघितलं असतं. पण रेकॉर्डवर माझा आवाज नाकातून येतो आणि तो ऐकायची मला लाज वाटते. इतकी लाज की सहापैकी एकही धडा मी कधी परत ऐकलेला नव्हता. पुढे जे काही झालं त्यापुढे ही लाज काहीच नव्हती, पण तेव्हा मला काय माहीत!

मी योजना आखली. ‘पुढे ढकला’ बटण काढून टाकलं. दर पाच मिनिटांनी पडद्यावर ‘ऐकताय ना?’ असा प्रश्न येईल आणि कुणी ‘हो’ दाबलं नाही तर धडा पाच मिनिटं मागे जाईल, अशी सोय केली. शेवटच्या प्रश्नमंजूषेत पहिल्या येणाऱ्याला एक दिवस भरपगारी सुट्टी! आणि शुभारंभ म्हणून गुरुवारी दुपारी तीन वाजता सगळ्या कारखान्याने कँटीनमध्ये मोठ्या पडद्यावर एक धडा एकत्र ऐकायचा. कुठला? चौथा! होऊन जाऊ दे दूध का दूध.

शिवाय मी आहे मऊ काळजाचा. कुणी गयावया केली तर बटण परत देऊन बसेन, या भीतीने मी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, “धड्यांना कुलूप लाव. महिना संपेपर्यंत कुणालाही बदल करता येता कामा नये. अगदी मलासुद्धा!”

“नक्की ना, साहेब? एकदा लावलं की मग माझ्याही हातात राहत नाही.”

“लाव. लाव!”

मी दोनदा म्हणालो, कारण मी सगळंच दोनदा करतो. दाराची बेल दोनदा, लिफ्टचं बटण दोनदा, कुलूप लावून दोनदा ओढून बघणं. एकदा केलेलं काम झालंय यावर माझा विश्वासच बसत नाही. हे लक्षात ठेवा, कारण याच सवयीने माझा घात केला.

कारखान्यात चैतन्य पसरलं. सुट्टीच्या नुसत्या वासाने लोक वह्या घेऊन फिरायला लागले. रुळावरच्या पोरी एकमेकींना डागांचे प्रकार विचारत होत्या. मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक प्रशिक्षणाची वाट बघताहेत!” मी खालमानेने हसलो. मनातून मात्र छाती दोन इंच फुगली होती.

बुधवारी संध्याकाळी घरी चहा पिताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने कप खाली ठेवला.

“चौथा म्हणजे डागांचा ना?”

“हो. माझा सगळ्यात आवडता!”

“म्हणजे मी मध्येच चहा घेऊन आले होते, तो?”

“असेल. का?”

“आणि चहा पिता पिता तुम्ही अख्ख्या कारखान्याची धुणी धुतलीत, तो?”

“अगं, तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवलं होतं.”

“असं होय? लाल दिवा तर चालू होता. मला वाटलं, तसाच असतो.”

माझ्या हातातला कप हातातच राहिला. आठवलं. ती चहा घेऊन आली तेव्हा मी थांबवायचं बटण दाबलं होतं. आणि थांबलंय की नाही याची खात्री म्हणून पुन्हा एकदा दाबलं होतं. पहिल्या दाबण्याने थांबलं, दुसऱ्याने सुरू झालं! चहा संपल्यावर पुन्हा दोनदा दाबलं. पुन्हा तेच!

कॉम्प्युटर उघडला. माझंच बटण मीच काढून टाकल्यामुळे पुढे ढकलता येईना. जन्मात पहिल्यांदा मी माझा धडा पहिल्या मिनिटापासून ऐकला, आणि सांगतो, भयंकर कंटाळवाणा आहे हो! अठराव्या मिनिटाला कपबशीचा आवाज आला. मग सात मिनिटं मी.

मॅडम म्हणजे गरम पाण्याचा नळ, कुठल्याही बाजूला फिरवा, चटकाच! असं मी म्हणत होतो. बॉयलरमामा बॉयलरच्या शिट्टीने उठत नाही, बॉयलरच त्याच्या घोरण्याने उठतो. कॉम्प्युटरवाल्याकडे एकच औषध, बंद करून चालू करा, उद्या त्याला ताप आला तर स्वतःलाही तेच करील. इथपर्यंत बायको पदराआड हसत होती. मीही जरा हसलो. विनोद बरे जमले होते.

मग रेकॉर्डमधल्या बायकोने विचारलं, “आणि त्या घडीच्या काकूंचं काय झालं? सुपरवायझर होणार होत्या ना त्या?”

आणि रेकॉर्डमधला मी म्हणालो, “कोण, घडीकाकू? तिचं नाव मीच काढलं यादीतून. कॉम्प्युटरवर हजेरी भरायची असते. ती माऊस धरते तो चिमटीत, मेलेली पाल उचलल्यासारखा! तिला काय कळतंय? ती जन्मली आहे चादरींच्या घड्या घालायला.”

“असं बोलू नये हो.”

“अगं, तिला कुठे कळणार आहे!”

बायको हसायची थांबली. मीही.

घडीकाकू कोण ते तुम्हाला सांगायलाच हवं. बावीस वर्षं त्या घडीच्या टेबलावर आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मला इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी घालायला दिली होती. ज्यांनी ती कधी घातली आहे त्यांनाच त्यातलं दुःख कळेल. धरायला कोपराच सापडत नाही! सगळा विभाग मला हसत होता. काकू एकट्या हसल्या नाहीत. तीनदा शिकवलं, तिन्ही वेळा चुकलो, तिन्ही वेळा म्हणाल्या, “जमेल हो.” त्या बाईंचं नाव मी एका माऊसवरून कापलं होतं, आणि वर चहाबरोबर त्याचा विनोद केला होता.

“उद्या सकाळी जाऊन त्यांची माफी मागा,” बायको म्हणाली. “त्यांनी सगळ्यांसमोर ऐकायच्या आत.”

“आधी धडा काढता येतो का बघतो.”

“मी धड्याचं नाही बोलत,” असं म्हणून ती कपबशा घेऊन आत गेली.

गुरुवारी सकाळी मी कॉम्प्युटरवाल्याच्या खोलीत अक्षरशः हात जोडून उभा होतो.

“कुलूप काढ रे बाबा.”

“निघत नाही, साहेब. तुम्हीच म्हणालात. दोनदा म्हणालात.”

“काहीच उपाय नाही?”

“बंद करून चालू करून बघू?”

तिथून मॅडमकडे गेलो. म्हटलं, चौथ्याऐवजी दुसरा धडा लावू. मॅडम म्हणाल्या, “छे! लोक डागांचा अभ्यास करून बसलेत.” म्हटलं, माझी तब्येत बरी नाही, पुढच्या आठवड्यात घेऊ. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही आराम करा की, धडा तर रेकॉर्ड केलेलाच आहे. हाच तर ऑनलाइनचा फायदा!” हे वाक्य माझ्याच प्रस्तावातलं होतं.

शेवटी पाय ओढत घडीच्या टेबलाकडे गेलो. मनात वाक्य तयार होतं: काकू, माझ्याकडून एक फार वाईट चूक झाली आहे. काकूंनी मान वर केली. मी तोंड उघडलं.

“काय काकू, कशा आहेत चादरी?”

“पांढऱ्या,” काकू म्हणाल्या.

“वा. छान.”

मी एक चादर उगाच उचलली आणि परत ठेवली. मग काकूंनीच हळू आवाजात विचारलं, “साहेब, तो चौथा धडा आज लावायचाच का?”

मला वाटलं, बिचाऱ्या कॉम्प्युटरला घाबरताहेत. मी म्हणालो, “घाबरू नका काकू, सोपा आहे. काही अडलं तर मी आहेच.” त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, पण पुढची चादर ओढून घेतली. हे आता लिहितानाही माझे कान तापताहेत.

माफीचा धीर नाही, कुलूप निघत नाही. मग माझ्या सुपीक डोक्यातून शेवटची कल्पना निघाली. भोंगा! बॉयलरमामांना म्हटलं, “मामा, आज एक गंमत करू. आगीचा सराव. बरोबर तीन वाजून अठरा मिनिटांनी धोक्याचा भोंगा द्या आणि सात मिनिटं बंद करू नका.”

“सात मिनिटं? वाफ जाईल सगळी.”

“जाऊ दे! प्रशिक्षण रंजक करायचंय.”

तीन वाजता कँटीन गच्च भरलं होतं. मॅडमनी मला मानाची खुर्ची दिली, पडद्याशेजारी, लोकांकडे तोंड करून! म्हणजे एकशे अकरा चेहरे माझ्याकडे आणि माझी नजर कुठे ठेवावी हा प्रश्न. पुढच्याच रांगेत घडीकाकू, मांडीवर वही घेऊन. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्या कधी बोलत नाहीत, आज बोलल्या. माझ्या कष्टांबद्दल बोलल्या, कल्पकतेबद्दल बोलल्या, माणसांविषयी मला असलेल्या आस्थेबद्दल बोलल्या. पाच मिनिटं बोलल्या.

ही पाच मिनिटं माझ्या हिशेबात नव्हती!

तीन अठराला मामांनी इमानदारीने भोंगा दिला, तेव्हा धडा तेराव्या मिनिटावर होता. सगळे धडपडत आवारात पळाले. मोजणी झाली. “साहेब, मस्त सराव!” म्हणत लोक ताजेतवाने होऊन आत आले. पडद्यावर ‘ऐकताय ना?’ हा प्रश्न उत्तराची वाट बघून थकला होता आणि धडा पाच मिनिटं मागे गेला होता. जरा पेंगायला लागलेले चारदोन लोक होते, तेही आता टक्क जागे. मामासुद्धा भोंगा संपवून येऊन बसले. माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं.

सतरावं मिनिट. माझा नाकातला आवाज सांगत होता, डाग घडीत झाकू नका. अठरावं मिनिट. कपबशी वाजली.

मी खुर्चीतून उडी मारली, कॉम्प्युटरवर झडप घातली आणि थांबवायचं बटण दाबलं. धडा थांबला!

आणि मी पुन्हा एकदा दाबलं.

“अहो, काय करताय तुम्ही? बसा!” मॅडम म्हणाल्या. “खरखर कुठाय? स्वच्छ तर ऐकू येतंय.”

स्वच्छ ऐकू येत होतं. आधी गरम पाण्याचा नळ आला. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू कुणी ओल्या फडक्याने पुसावं तसं गेलं. मामांच्या घोरण्याला मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. कॉम्प्युटरवाला स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होता. हे सगळं मला चाललं असतं. मी फक्त मोजत होतो, अजून किती वाक्यांनी माझ्या बायकोचा प्रश्न येतो.

तो आला. आणि माझं उत्तर आलं. यादी, माऊस, पाल, सगळं. “अगं, तिला कुठे कळणार आहे!” हे शेवटचं वाक्य त्या मोठ्या स्पीकरवर इतकं खणखणीत वाजलं की भांडी घासणाऱ्या बाईंनी आत नळ बंद केला.

धडा पुन्हा डागांवर गेला, पण ऐकत कुणीच नव्हतं. एकशे अकरा माणसं घडीकाकूंकडे बघत होती आणि मी माझ्या बुटांकडे. बुटांना पॉलिश करायला झालं होतं. लाजेने मरतात म्हणे माणसं. मला तेव्हा चाललं असतं.

काकू उठल्या. कॉम्प्युटरपाशी आल्या. माऊस हातात घेतला, पूर्ण पंज्यात, अगदी पद्धतशीर, आणि धडा थांबवला. एकदाच दाबून. मग लोकांकडे वळून म्हणाल्या, “बघा! म्हटलं नव्हतं? इथे खरखर आहे!”

कँटीन हसण्याने नुसतं फुटलं. मामा हसताना खुर्चीवरून घसरले. मॅडमनाही हसू आवरेना. एक मीच हसलो नाही, कारण माझ्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडत होता. अठरावं ते पंचविसावं! खरखर ऐकल्याशिवाय ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कुणाला कसं कळेल?

साडेचारला मी घडीच्या टेबलाशी गेलो. या वेळी कुठलंच वाक्य तयार नव्हतं. काकूंनी एका मोठ्या चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. मोठी चादर दोघांनी घडी करायची असते. दूर उभं राहून ताणायची, मग टोकं जुळवायला एकमेकांजवळ यायचं. प्रत्येक घडीला समोरचा चेहरा जवळ येतो आणि पळायला जागा नसते.

“तुम्ही आधीच ऐकलं होतंत,” मी म्हणालो.

“तुम्ही चढवलेत त्याच महिन्यात.”

“पण तुम्हाला कॉम्प्युटर...”

“येत नव्हता. यादीतून नाव गेलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, कॉम्प्युटर येत नाही म्हणून. म्हटलं, बरोबर आहे त्यांचं, शिकू या. पाळी सुटली की रोज अर्धा तास कँटीनमधल्या त्या कॉम्प्युटरवर बसायचे. सहाच्या सहा धडे केले. चांगलं सांगितलंय हो तुम्ही. वही भरली माझी.”

म्हणजे अहवालातली ती एक! आणि मी तिला यंत्राची चूक म्हटलं होतं! बघा, लिहितानाही ‘तिला’ गेलं. त्यांना. त्यांना यंत्राची चूक म्हटलं होतं.

“मग खरखर?”

“मग काय सांगू लोकांना? साहेब आत काय बोलतात ते ऐका, असं सांगू?”

“मला तरी सांगायचं होतं!”

“तुम्ही लाजला असतात,” काकू अगदी साधेपणाने म्हणाल्या. चादरीची दुसरी घडी झाली, आम्ही आणखी जवळ आलो. “तुमच्याच धड्यात आहे ना, डाग दिसला तर घडीत झाकायचा नाही, परत धुवायला पाठवायचा. बावीस वर्षांत तेवढा एकच डाग मी घडीत झाकला. चुकलंच माझं.”

“काकू, माफ करा. माफ करा मला.”

“एकदा पुरे,” त्या म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं होतं आणि हसूही. काकूंनी चादर माझ्या हातातून घेतली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून तळहात फिरवला.

“राग नाही हो. माऊस मी धरायचेच तसा. त्या पालीचं ऐकून मला पण हसू आलं. घड्या घालायला जन्मले म्हणालात, तेही एक वेळ असो, घड्या चांगल्याच घालते मी. फक्त ते ‘ती’ लागलं.”

“कुठलं?”

“तोंडावर ‘काकू, तुम्ही’, ‘काकू, बसा’. आणि आत ‘ती’. ‘तिला काय कळतंय.’ बावीस वर्षांत इथे मला कुणी ‘ती’ म्हटलं नव्हतं. म्हणजे मला असं वाटत होतं. आता वाटतं, म्हणतही असतील, आपल्याला कुठे ऐकू येतंय. तुमच्या बायकोने तर मला कधी बघितलेलंही नाही. पण त्या ‘त्या’ म्हणाल्या.”

मी पुढची चादर उचलली. ती नेमकी इलॅस्टिकवाली निघाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. “बसा. पाणी घेता? गरमच आहे.” मग त्यांनी यादी काढली, काकूंचं नाव माझ्याच हाताने परत लिहायला लावलं आणि मला दोन आठवडे घडीच्या टेबलावर प्रशिक्षणार्थी म्हणून पाठवलं. नव्या सुपरवायझर काकू. हजेरी त्या कॉम्प्युटरवर भरतात. माझीसुद्धा.

कुलूप उघडायला महिन्याचे नऊ दिवस बाकी होते. त्या नऊ दिवसांत चौथा धडा कारखान्यातल्या एकशे अकरा जणांनी पूर्ण ऐकला. काहींनी तीन तीन वेळा. काही जण तर सुट्टीच्या दिवशी येऊन ऐकून गेले. इतके देखणे आकडे माझ्या अहवालात कधी आले नव्हते. प्रशिक्षण रंजक करायचं माझं स्वप्न साकार झालं होतं! बायकोला हे सांगितलं तर तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलून नेला.

महिना संपताच तो धडा काढला आणि त्या जागी नवा आला. काकूंच्या आवाजात. सोळा मिनिटांचा आहे. ‘पुढे ढकला’ बटण मी परत लावून दिलंय, पण ते कुणी वापरत नाही. काकू डाग कसा ओळखायचा ते सांगतात, परत कसा पाठवायचा ते सांगतात, आणि बाराव्या मिनिटाला एक उदाहरण देतात: “आपले प्रशिक्षण साहेब आहेत ना, त्यांना इलॅस्टिकवाल्या चादरीची घडी अजून जमत नाही. पण ते मन लावून शिकताहेत. त्यांना जमेल हो.”

सगळा कारखाना तिथे खदखदून हसतो. हसू दे.

मी तो भाग आतापर्यंत चौदा वेळा ऐकलाय. ‘त्यांना’ दोनदा आहे आणि ‘ते’ एकदा. खरखर अजिबात नाही.